तारीख असेल तर थांब

नेरूळ,
१४ डिसेंबर २०२५

चि. मनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, आय-ट्वेंटी एन लाइन आत्ता घेऊ की नवीन मॉडेल येईपर्यंत थांबू?" आणि मागून ताई ओरडली, "पाडव्याला घ्या, एवढी कसली घाई?" तुमच्या मायलेकींच्या गलक्यात माझं उत्तर राहूनच गेलं. शिवाय नऊ-दहा लाखांची गोष्ट तोंडी सांगितली की ऐकणारा त्यातलं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो. म्हणून हे पत्र.

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. जिची तारीख पक्की आहे अशा गोष्टीसाठी खुशाल थांबावं. जिची तारीख फक्त यूट्यूबवरच्या मंडळींना माहीत आहे, तिच्यासाठी एक महिनाही थांबू नये.

तुझ्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी हवी तर नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायची. पण त्यात एक बरं होतं. नोंदवलेली गाडी आणि शेवटी दारात आलेली गाडी यांत काडीचा फरक नसे. १९६४ साली फिएट ११०० डिलाइट म्हणून आलेली गाडी पुढे नाव बदलून पद्मिनी झाली आणि जवळपास त्याच रूपात शतक संपेपर्यंत विकली गेली. आता सगळं उलट झालंय. गाडी आठ-पंधरा दिवसांत मिळते, पण थांबलीस तर तेवढ्यात गाडीच बदलते. आणि ती दर वेळी तुझ्या मनासारखीच बदलेल याची हमी कुणी देत नाही.

खिशाला परवडणारी आणि तरी पाय दाबला की उसळी मारणारी गाडी, ही तुझ्या एन लाइनची जात. या जातीचा आपल्याकडचा इतिहास बघ. कुर्ल्यातूनच २००१ मध्ये फिएटची पॅलिओ बाहेर पडली. जाहिरातीत खुद्द सचिन तेंडुलकर होता. तिच्या १.६ लिटर इंजिनाला १०० पीएसची ताकद होती आणि त्या काळात एवढ्याशा गाडीत एवढा दम कुणाकडे नव्हता. लोकांनी कौतुक केलं, मायलेज विचारलं आणि दुसरी गाडी घेतली. पुढे २०१५ मध्ये फिएटने अबार्थचा विंचू लावलेली १४५ पीएसची पुंटो आणली, आणि काही वर्षांत फिएटने इथला गाडीविक्रीचा गाशाच गुंडाळला. २०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस आणली, टर्बो इंजिनाची. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि आरएस गेली. २०१८ च्या दिवाळीच्या तोंडावर टाटांनी टियागो जेटीपी आणली, साडेसहा लाखांच्या आत ११४ पीएस. तीही बीएस-६च्या पुढे टिकली नाही. आणि चाकणला तयार होणारी पोलो! तिची जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हापासून आपल्या बेलापूर-वाशीच्या पोरांच्या मोबाइलवर वॉलपेपरला तीच असायची. २०२२ मध्ये पोलो थांबली. "नवी पोलो येईल तेव्हा घेऊ" म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत. आता ते जुन्या बाजारात जीटी शोधतात आणि किंमत ऐकून घरी येतात.

टाटांची अल्ट्रोझ रेसर तर कालची गोष्ट. जून २०२४ मध्ये आली, १२० पीएस, सहा गिअर, साडेनऊ लाखांपासून. "फेसलिफ्ट येऊ दे, मग बघू" असं तेव्हा कितीजण म्हणाले असतील. मे २०२५ मध्ये नवी अल्ट्रोझ आली. दिसायला देखणी, सुरक्षेला चोख, पण यादीत टर्बो पेट्रोलच नव्हतं. स्विफ्टचंही तेच. २०२४ च्या आधीच्या स्विफ्टला चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन होतं. नव्या पिढीत तीन सिलिंडर आणि साधारण ८२ पीएस. मायलेज वाढलं, ताकद उतरली. घरच्यांना आनंद झाला. ज्यांना चालवायची हौस होती ते जुनी शोधू लागले. जपानात विकली जाणारी स्विफ्ट स्पोर्ट इथे येणार ही बातमी मी इतकी वर्षं ऐकतोय की मारुतीच्या शोरूमवाल्यांनाही आता त्याचं काही वाटत नसेल. यंदा जपानातच तिची शेवटची आवृत्ती निघाली.

असं का होतं, तेही समजून घे, म्हणजे कुणावर राग राहणार नाही. दमदार इंजिनाची गाडी घेणारे शंभरात मोजके. प्रदूषणाचा नवा नियम आला की प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्सची जोडी पुन्हा तपासून मान्य करून घ्यावी लागते. २०२० मध्ये बीएस-६, मग एप्रिल २०२३ मध्ये रस्त्यावर चालत्या गाडीचा धूर मोजणारा त्याचा दुसरा टप्पा. तो खर्च जास्त खपणाऱ्या इंजिनावर सहज निघतो, थोड्या खपावर अंगावर येतो. म्हणून नवी पिढी बाजारात येते ती आधी साधं पेट्रोल आणि सीएनजी घेऊन. तुझ्या आवडीची आवृत्ती आलीच तर मागून येते, आणि न येण्याचीच शक्यता जास्त.

आता नव्या आय-ट्वेंटीबद्दल. तू मला झाकलेल्या गाडीचे फोटो पाठवलेस. त्यावरून दिवे कसे असतील, डॅशबोर्डवर स्क्रीन केवढा असेल आणि इंजिन कोणतं, यावर तुझी मित्रमंडळी तावातावाने भांडतायत. याला आपल्याकडे म्हणतात बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मला तीन उत्तरं आणून दे: कंपनीने तारीख सांगितली आहे का, एन लाइन येणार असं सांगितलंय का, आणि किंमत सांगितली आहे का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर तू गाडीसाठी नाही, गप्पांसाठी थांबली आहेस.

थांबण्याचं मला वावडं नाही, बरं का. याच वर्षी थांबणाऱ्यांनी पैसे कमावले. पंधरा ऑगस्टच्या भाषणात जीएसटीच्या फेररचनेची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का उपकर होता. तो सरळ १८ टक्के झाला. हिशेब करून बघ. जी गाडी सगळ्या करांसह शोरूममध्ये दहा लाखांना होती, तिची करापूर्वीची किंमत सुमारे पावणेआठ लाख. त्यावर १८ टक्के धरले की होतात साधारण नऊ लाख पंधरा हजार. पंच्याऐंशी हजारांचा फरक, आणि किंमत उतरल्यामुळे आरटीओचा करही त्या प्रमाणात कमी. गंमत म्हणजे मधले पंधरा दिवस पितृपक्षच होता, त्यामुळे आपल्या लोकांना थांबणं जडही गेलं नाही. घटस्थापनेला नवे दर सुरू झाले आणि दसऱ्याला शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांना जागा पुरेना.

तेव्हा थांबणं शहाणपणाचं का ठरलं? तारीख सरकारने दिली होती आणि आकडा कागदावर होता. तो फायदा आता किमतीत आलेला आहे. तुझी एन लाइन ९९८ सीसीची, लांबी चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, म्हणजे १८ टक्क्यांत बसते. तुला अधूनमधून मोह होतो ती व्हर्टस जीटी १.५ लिटरची, साडेचार मीटरच्या पुढची. तिला ४० टक्के. ती उत्तम गाडी आहे, पण तुझ्या पगाराची नाही.

आता गाडी तुला कशासाठी हवी ते बोलू. खारघरहून ऐरोलीच्या ऑफिसला रोज गाडी नेणार असशील तर १२० पीएस घे की ८० घे, ठाणे-बेलापूर रोडवर तुर्भ्याच्या आसपास दोन्ही सारख्याच उभ्या राहतात. त्या प्रवासाला ट्रान्स-हार्बरची लोकल बरी. मोकळ्या रस्त्याचं म्हणशील तर अटल सेतूवर वेगमर्यादा १०० आणि एका फेरीचा टोल २५० रुपये. पुण्याच्या एक्स्प्रेसवेवरही सपाटीला १००च. पाम बीच रोड हा रस्ता आहे, रेसचा ट्रॅक नाही. तिथे रात्री काय काय होतं ते नवी मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंद हा आकडा मनातून काढून टाक. तुझ्या उपयोगाची ताकद ती, जी चाळीसवरून ऐंशीला नेताना लागते. पेणच्या वाटेवर कर्नाळ्याची वळणं संपली की पुढे ट्रक असतो आणि समोरचा रस्ता थोडाच वेळ मोकळा मिळतो, तिथे तिची किंमत कळते.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला सेल्समन दाखवेल त्या सरळ रस्त्यावर जाऊ नकोस. बेलापूरला पारसिक टेकडीवर ने. गाडीत चारजण, एसी चालू, दुसरा गिअर, आणि चढाच्या मध्यावर वेग कमी करून पुन्हा दाब. छोट्या टर्बो इंजिनाचा स्वभाव असा, की कमी फेऱ्यांवर ते क्षणभर आळसावतं आणि मग एकदम खेचतं. तो क्षण तुला खटकतो का ते बघ. उतरताना ब्रेकवर पाय किती ठाम बसतो ते बघ. मग गाडी मुद्दाम सायन-पनवेल हायवेच्या संध्याकाळच्या गर्दीत घाल. सात गिअरचा ऑटोमॅटिक डीसीटी मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, पण रांगत्या ट्रॅफिकमध्ये त्याचा क्लच तापतो. तुला हौस चालवण्याची आहे, मग सहा गिअरचा मॅन्युअल घे. स्वस्तही पडेल आणि मजाही जास्त.

ताईच्या पाडव्याचं काय? गुढीपाडवा १९ मार्चला आहे. तारीख पक्की, म्हणजे माझ्या नियमात बसतो. पण हिशेब लाव. जानेवारीत बहुतेक कंपन्या किमती थोड्याफार वाढवतात, आणि वर्षअखेरीची सवलत मिळते ती याच महिन्यात. डिसेंबरमध्ये मेख एकच: सवलत देतात ती २०२५ मध्ये बनलेल्या गाडीवर, आणि दोन आठवड्यांनी ती गेल्या वर्षीची ठरते. तीन वर्षांत विकणार असशील तर त्याचा फटका बसेल. सात-आठ वर्षं वापरणार असशील तर सवलतीचे पैसे तुझ्या खिशात आणि तो फरक विसरण्याजोगा. तू पहिली गाडी घेते आहेस. मला वाटतं तू ती भरपूर वापरशील. कर्जाचंही बरं चाललंय. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीपासून रेपो दर सव्वा टक्का उतरवून याच महिन्यात ५.२५ वर आणला. बँकेला तेवढं सांग आणि व्याजदर लेखी माग. पाडव्याला ताईला गाडीत बसवून देवळात ने. मुहूर्त साधल्याचं समाधान तिलाही मिळेल.

एक गोष्ट मात्र गाडीच्या आधी उरक. सोसायटीत पार्किंग लेखी मिळव. सिडकोच्या जुन्या वसाहतींचा आराखडा झाला तेव्हा घरटी गाडी असेल हे कुणी धरलं नव्हतं, आणि नव्या इमारतींतही तोंडी कबुलीला अर्थ नसतो. पार्किंगच्या दाखल्याशिवाय नवी गाडी नोंदवायची नाही, असं परिवहनमंत्री यंदा बोललेच आहेत. आणि जिच्यासाठी हौसेने पैसे मोजलेस ती गाडी नाक्यावर रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओरखडे खात उभी राहिली तर रोज सकाळी जीव जळेल.

तेव्हा माझं मत असं: पार्किंगचा कागद हातात, कर्जाचा हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या आत, आणि पारसिकच्या चढावर गाडी मनात भरली, तर याच महिन्यात घे. यातलं एखादंही जमत नसेल तर थांब, पण ते पैशांसाठी किंवा जागेसाठी. नव्या मॉडेलसाठी नको.

ताईला नमस्कार, भाऊजींना विचारल्याचं सांग.

तुझा,
मामा

ता. क. : पैसे भरण्याआधी, तुला देणार आहेत तीच गाडी यार्डात जाऊन बघ. चेसिस नंबर लिहून घे आणि बनवल्याचा महिना-वर्ष त्यांच्याकडून लेखी माग. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. गाडीचा महिना आणि टायरचे आकडे यांचा मेळ बसतो का पाहा. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ बिलात दिसली तर ती खोडायला सांग. विमा शोरूमचाच घेण्याची सक्ती नसते. बाहेरून दोन भाव काढ. आणि दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे एकरकमी कर ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. टॉपची आवृत्ती निवडताना तो एक टक्का धरूनच बेरीज कर.