दोन पल्समधलं अंतर

स्टेपर मोटर चालवणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक व्हेरिएबल असतं, बहुधा 'पोझिशन' नावाचं. स्टेप पिनवर एक पल्स गेली की त्यात एक मिळवायचा, दिशा उलटी असेल तर एक वजा करायचा. या आकड्याला आपण मोटरची जागा म्हणतो खरं, पण तो मोजलेला नसतो, मानलेला असतो. मायक्रोकंट्रोलरकडून ड्रायव्हरकडे दोन तारा जातात, एक स्टेपची, एक दिशेची. मोटर खरंच हलली का, हे सांगणारी तार परत येत नाही. या कामातलं सगळं कसब हा मानलेला आकडा खरा ठेवण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि तो खरा राहतो की नाही, हे ठरतं दोन पल्समध्ये आपण किती वेळ सोडतो त्यावर.

थ्रीडी प्रिंटरचा पट्ट्यावर चालणारा अक्ष घेऊ. एका फेरीत २०० स्टेप घेणारी मोटर, २० दातांची पुली, दर २ मिलिमीटरला दात असलेला पट्टा, आणि प्रत्येक स्टेपचे १६ भाग करणारा ए४९८८ ड्रायव्हर. एका फेरीला ३२०० पल्स आणि ४० मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला ८० पल्स. सेकंदाला १०० मिलिमीटर जायचं तर ८००० पल्स हव्यात, दोहोंमध्ये १२५ मायक्रोसेकंद. अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, तेवढ्या वेळात त्याचे २००० ठोके पडतात. हिशेबाला भरपूर जागा आहे. अडचण चिपच्या बाहेर सुरू होते. रोटरवर ५० दात असतात, आणि चार पूर्ण स्टेपमध्ये कॉइलमधल्या करंटचं एक आवर्तन पुरं होतं. चुंबकीय क्षेत्र पुढे सरकतं आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो. लोड जितका जास्त तितका तो मागे रेंगाळतो. एक पूर्ण स्टेप मागे असताना ओढ सर्वांत जास्त असते. दोन स्टेपच्या पलीकडे गेला की ओढीची दिशाच उलटते आणि तो मागच्या दाताला जाऊन धरतो. चार स्टेप हुकल्या, ७.२ अंश, आपल्या पट्ट्यावर ०.८ मिलिमीटर. आकड्याला याचा पत्ता नसतो. तो वाढतच राहतो, आणि छापल्या जाणाऱ्या वस्तूचे वरचे थर खालच्या थरांवरून सरकलेले दिसतात.

ही ओढ कायम सारखी राहत नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जाणून घ्यायला हवं. कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, शिवाय फिरती मोटर स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते. वेग वाढला की करंट ठरलेल्या मर्यादेला पोचायच्या आत पुढची पल्स येऊन ठेपते आणि टॉर्क घटतो. म्हणून करंटची मर्यादा तीच ठेवून १२ ऐवजी २४ व्होल्ट दिले की वरच्या वेगात मोटर जास्त तग धरते. ती मर्यादासुद्धा ड्रायव्हरवरच्या इवल्या पोटेन्शिओमीटरने ठरते: सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरसाठी संदर्भ व्होल्टेज ०.८ व्होल्ट. प्रोग्रॅममध्ये ही गोष्ट कुठेही लिहिलेली नसते, तरी प्रोग्रॅम बरोबर की चूक हे तिच्यावर ठरतं. मल्टिमीटर हाती न धरता लिहिलेल्या स्टेपरच्या प्रोग्रॅमवर माझा विश्वास बसत नाही.

थांबलेला रोटर एकदम ८००० पल्सच्या वेगात जाऊ शकत नाही. त्याला वस्तुमान आहे, पट्ट्याला आहे, पट्ट्यावरच्या डोक्याला आहे. वेग चढवत न्यायचा म्हणजे दोन पल्समधलं अंतर पायरीपायरीने कमी करत न्यायचं. सेकंदाला १००० स्टेप प्रतिसेकंद असं एकसारखं त्वरण हवं असेल तर पहिलं अंतर सुमारे ४५ मिलीसेकंद येतं, दुसरं साडेअठरा, तिसरं चौदा. दर पल्सला वर्गमूळ काढावं लागतं, आणि या चिपमध्ये भागाकाराचीसुद्धा सूचना नाही. डेव्हिड ऑस्टिन यांनी २००५ मध्ये यावर एक सुंदर वाट दाखवली: मागच्या अंतरावरून पुढचं अंतर, एका भागाकारात. हे सूत्र मला फार प्रिय आहे, त्याच्या मर्यादेसकट. पहिल्या पावलाला ते चुकतं. दुसरं अंतर पहिल्याच्या ०.४१ पट हवं तिथे ते ०.६ पट देतं. म्हणून सुरुवातीचं अंतर ०.६७६ ने गुणून घेतात, की पुढचा सगळा चढ जागेवर येतो. किंमत एवढीच, की ४५ च्या जागी पहिलं अंतर ३० मिलीसेकंद होतं. हलक्या डोक्याला हे जाणवत नाही. जड लोडला नेमक्या सुरुवातीलाच झटका बसतो.

हे सगळं लायब्ररीत तयार मिळतं, मग डोकं कशाला शिणवायचं, असं कोणी म्हणेल. ऑस्टिन यांच्याच रीतीवर उभी असलेली अ‍ॅक्सेलस्टेपर लायब्ररी चांगली आहे आणि जरूर वापरावी. पण तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, की १६ मेगाहर्ट्झच्या चिपवर सेकंदाला सुमारे ४००० स्टेपपर्यंतच तिचा भरवसा. आपल्या पट्ट्याला ८००० हव्यात. शिवाय ती मुख्य लूपमधून वारंवार हाक मारली जाण्याची वाट बघते. तिथे डिस्प्लेवर मजकूर लिहिण्याचं काम निघालं की पल्सला उशीर. त्याच चिपवर ग्रबल हे यंत्रं चालवणारं फर्मवेअर सेकंदाला ३०,००० पल्सपर्यंत जातं, कारण त्याने वेळ राखण्याचं काम लूपकडून काढून टायमरच्या इंटरप्टकडे दिलं. हालचाल आधीच आखून ठेवलेली असते, आणि इंटरप्टच्या आत उरते फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, ब्रेझनहॅम यांच्या पद्धतीने. ब्रेझनहॅम यांनी ती १९६२ मध्ये आयबीएममध्ये बसवली आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केली, तीही पावलापावलाने सरकणाऱ्या डिजिटल प्लॉटरसाठीच. चिप तीच, पण वेळेची जबाबदारी कोणाकडे दिली यावर इतका फरक पडतो.

मग वेगवान चिप घेतली की प्रश्न मिटला? उलट तिथे एक नवी फट उघडते. उनोवर डिजिटलराइट वापरलं की पिन बदलायला काही मायक्रोसेकंद जातात, त्यामुळे पल्स आपोआप पुरेशी रुंद होते, आणि लिहिणाऱ्याला तिचा विचारच करावा लागत नाही. तीच पिन थेट पोर्टवरून चढवून लगेच उतरवली तर पल्स १२५ नॅनोसेकंदांची होते. ए४९८८ ला किमान १ मायक्रोसेकंद लागतो, डीआरव्ही८८२५ ला १.९. दिशा बदलल्यावर स्टेप देण्याआधी पहिल्याला २०० नॅनोसेकंद, दुसऱ्याला ६५०. हे दोन्ही ड्रायव्हर एकाच सॉकेटमध्ये बसतात, एकाऐवजी दुसरा सहज लावला जातो, आणि पहिल्यावर सुरळीत चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर पल्स गाळू लागतो. वेगवान चिपवर हे आणखी सहज घडतं.

मायक्रोस्टेपिंगने, म्हणजे स्टेपचे असे भाग करण्याने, अचूकता वाढते, असंही म्हणतात. गुळगुळीतपणा नक्की वाढतो. पूर्ण स्टेपमध्ये प्रत्येक पल्स रोटरला हिसका देते, आणि झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशा त्या त्याच्या नैसर्गिक हेलकाव्याशी जुळल्या की मोटर थरथरून स्टेप सोडते. हे मायक्रोस्टेपिंगने पुष्कळ आवरतं. पण सोळाव्या भागाच्या एका पल्समागे धरण्याच्या टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा असतो. घर्षण त्याहून जास्त असेल तर ती एक पल्स आकड्यात जमा होते आणि रोटर जागचा हलत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप एन्कोडरचा: लावा एन्कोडर, मानायचा प्रश्नच नको. जिथे चुकीने माणसाला इजा होऊ शकते किंवा महागडं काम वाया जातं तिथे तो लावलाच पाहिजे, याबद्दल मला शंका नाही. पण एन्कोडर चूक घडल्यावर कळवतो. टॉर्कच्या पलीकडचं त्वरण मागणारा प्रोग्रॅम एन्कोडर लावूनही तेच मागत राहतो, फक्त आता दर वेळी थांबून सावरतो. शिवाय एन्कोडर नसतानाही मोटर बरंच सांगते, विचारायची रीत ठाऊक असली तर. होम स्विचपासून निघून अक्ष लांबवर, भरपूर वेळा मागेपुढे पळवावा, परत स्विचवर आणावा आणि आकड्यातला फरक बघावा. स्विचचा स्वतःचा काही पल्सचा फरक सोडून द्यावा. उरलेला फरक ६४ च्या पटीत असेल तर रोटरने चार-चार स्टेप सोडल्या. त्वरण, करंट किंवा व्होल्टेज तपासावा. १६० च्या पटीत असेल तर पट्ट्याने पुलीवरून दात उडवला, तो ताणावा. दिशाबदलाच्या संख्येबरोबर वाढत गेला तर दिशेची पिन आणि पुढची स्टेप यांमध्ये वेळ कमी पडतोय. आणि कशातच बसला नाही, तर पुलीचा ग्रब स्क्रू आवळून पुन्हा पळवावं.