फसलीचं साल

हैदराबादच्या केजकर कुटुंबाची वंशावळ मी चुकीची लावून दिली. चूक कळल्यावर पाच महिने गप्प बसलो, हा त्याहून मोठा अपराध.

केजमध्ये केजकर शोधून सापडत नाहीत. गाव सुटलं की गावाचंच आडनाव होतं. त्यामुळे त्यांच्या आजोबांचं नुसतं नाव माझ्या हाती होतं, आणि घरातली एक आठवण: 1908 च्या मुसी नदीच्या पुरात आजोबांचं हैदराबादेतलं पहिलं घर वाहून गेलं.

जुन्या उर्दू महसुली कागदात ते नाव दिसलं. बापाचं नाव, शेत खुदकाश्त, साल 1320. उर्दू आकडे मला वाचता येतात, अक्षरं नीट येत नाहीत. निजामाचा कागद म्हणजे हिजरी साल, असं धरून मी 1902 काढलं. तेव्हा शेत कसत होते, मग गाव सोडलं, मग पूर. सगळं जुळलं. जुळलं म्हणूनच कुणाला कागद दाखवला नाही.

त्यांच्या आत्याबाईंनी त्र्यंबकेश्वरी जाऊन श्राद्ध केलं. मी दिलेलं पणजोबांचं नाव तीर्थोपाध्यायांच्या वहीत चढलं, खाली सह्या झाल्या.

पुढे दुसऱ्याच कामासाठी तो कागद शेजारच्या मौलवीसाहेबांनी वाचला. "गुरुजी, आकड्यापुढं फे आहे. हे फसली साल." फसलीत 590 मिळवायचे. म्हणजे 1910-11! पुराला दोन वर्षं उलटल्यावरही हा माणूस केजात स्वतःचं शेत कसत होता. तो त्याच नावाचा दुसराच कुणी.

आयर्लंड सोडून गेलेल्यांच्या वारसांपुढेही हाच खड्डा असतो. 1922 मध्ये डब्लिनचं दप्तर जळालं. तेव्हापासून अनेक जण ग्रिफिथच्या 1847 ते 1864 मधल्या जमीन-घरांच्या आकारणीत पूर्वज शोधतात. तिथं कूळ सापडतं, पण एकाच नावाच्या दोघांतला आपला कोणता, ते यादी सांगत नाही. हे मी कितीदा वाचलं होतं.

शेवटी फोन केला. आत्याबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, मग मी पिंड कुणाला दिला?"

त्यांच्यासोबत मी त्र्यंबकला गेलो. जुन्या नोंदीखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली. पणजोबांच्या नावाची ओळ उपाध्यायांनी कोरी सोडली आहे.