नंतर आलेल्यांच्या खुणा

जुनं देऊळ किंवा वाडा पाहायला गेलं, की माहिती सांगणारा आधी तो कोणी बांधला हे सांगतो. मला उत्सुकता असते नंतर आलेल्यांची. ज्यांच्या हाती ती वास्तू आयती आली, त्यांनी तिचं काय केलं? कुठे खिडकी बुजवली, कुठे चुना फासला, कुठे आपलं नाव कोरलं? बांधणाऱ्याची हौस एकदाच फिटते. पुढची शेकडो वर्षं वास्तू वारसांच्या मर्जीवर उभी असते.

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर या नजरेने पाहण्यासारखं आहे. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केलं. साठ मीटरांहून उंच असं त्याचं ग्रॅनाइटचं शिखर पाहताना मान अवघडते, आणि सगळं मंदिर एकाच माणसाच्या मनातून उतरलं असावं असं वाटतं. पण आवारात हिंडू लागलं की हळूहळू थर दिसू लागतात. नंदीचा मंडप नायक राजांच्या काळातला, गणपतीचं देऊळ मराठ्यांचं. गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद प्रदक्षिणामार्गात चोळांनी रंगवलेल्या भिंती होत्या. नायकांनी त्यांवर नवा गिलावा चढवून आपली चित्रं काढली. १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना त्या थराखालची चोळ चित्रं दिसली. मग पेच पडला. खालचं पाहायचं तर वरचं खरवडायचं का? तेही शेकडो वर्षांचं जुनं. पुढे पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी वरचा थर अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर बसवला आणि दोन्ही राखले. ज्या नायकांनी आधीच्यांची चित्रं झाकली, त्यांच्याच गिलाव्याखाली ती इतकी वर्षं राहिली.

प्राकाराच्या ओवऱ्यांतून चालताना, चार दिवस तमिळ अक्षरं नुसती न्याहाळत आलेल्या मराठी माणसाला एका भिंतीवर अचानक देवनागरी दिसते. भाषा मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरचं राज्य घेतलं. त्या भोसले घराण्याचा इतिहास दुसऱ्या सरफोजीराजांनी इथे कोरवून घेतला. मराठी पाहुणे त्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मला तिथे खिळवून ठेवलं ते सालाने. लेख १८०३ चा आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता आणि सरफोजींच्या हाती तंजावरच्या किल्ल्यापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. राज्य गेलेला राजा दुसऱ्याने आठशे वर्षांपूर्वी बांधलेल्या देवळात आपल्या पूर्वजांची नावं लिहून ठेवतो. त्या अक्षरांत अभिमान आहेच, पण मला धास्ती जास्त दिसते: आम्ही इथे होतो, हे कोणाच्या तरी लक्षात राहू दे.

कोणी झाकतं, कोणी लिहितं, कोणी आणून टांगतं. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. ती वसईच्या मोहिमेतून आलेली चर्चची घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि शेजारी मेणेश्वराचं देऊळ. लुटीची वस्तू खरी. पण कोणी ती वितळवली नाही की तिच्यावरची मूर्ती घासून काढली नाही.

हे सगळं परक्या गावात पाहणं सोपं असतं. आपल्या गावात वारसांत आपलंही नाव असतं.

आमचं गाव तळकोकणात. देऊळ चिऱ्याचं, सभामंडप लाकडी, वर कौलं. बारा खांब फणसाचे, त्यांवर वेलबुट्टी आणि मोर. काही वर्षांपूर्वी गावाने जीर्णोद्धार काढला: मंडप पाडायचा, स्लॅब टाकायचा, खाली चकचकीत फरशी. मुंबईच्या चाकरमान्यांनी पैसे उभे केले. मी त्या सभेला मुद्दाम गेले. खांब पुन्हा होणार नाहीत, आता असं कोरणारा सुतार पंचक्रोशीत उरलेला नाही, असं बोलले. गुरवकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाय गो, तुका बघूक बरा दिसता. पण पावसात बालदी कोण ठेवतलो?”

त्यांचं खरं होतं. वाळवी त्यांनी झाडली होती, फुटकी कौलं त्यांनी बदलली होती. मी वर्षातून दोनदा येऊन मोर बघत होते. देवाला कौल लावला, कौल डावा आला. मग पुन्हा बसून बोलणं झालं. शेवटी गाभाऱ्याला हात लावायचा नाही, मंडपाला लोखंडी कैच्या घालून वर पुन्हा कौलंच चढवायची, असं ठरलं. सुताराने खांबांचे कुजलेले पाय कापून ते काळ्या दगडाच्या उंच तळखड्यांवर उभे केले. दहा वाचले. दोन नवे, साधे, चौकोनी. त्यांवर मोर नाहीत. मग कोणीतरी बाराही खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट फासला. मी नको म्हटलं होतं. वाळवी लागत नाही, असं उत्तर मिळालं.

फरशी मात्र झाली, आणि भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. अशा पाट्यांची शहरातले आपण चेष्टा करतो. मी त्या एकेक वाचल्या. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, हस्ते तमुक, राहणार परळ, नालासोपारा, डोंबिवली. त्यांतल्या बहुतेकांच्या घरांना इथे कुलूप आहे, काहींची घरं पडली, काहींची विकली गेली. गावात आता त्यांचं म्हणावं असं या पाटीएवढंच उरलंय. सरफोजीराजांकडे निदान किल्ला होता.

आमच्या चुलतभावाने देणगीची पावती माझ्यासमोर धरली तेव्हा मी वडिलांचं नाव सांगितलं. आमचं घर त्यांच्या हयातीतच विकलं गेलं होतं. पाटी डावीकडच्या भिंतीवर, खाली तिसऱ्या ओळीत आहे. समोर नव्या दोन खांबांपैकी एक येतो. पुढेमागे कोणी ऑइलपेंट खरवडायला घेतला, तर या खांबावर त्याला काही सापडणार नाही. तो कोणाच्या काळातला, हे त्याला तेवढ्यावरून कळेल.