मुरमाच्या रस्त्यावर, फिनलंडमध्ये

रॅली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झेंडे, घोषणा आणि अडलेली वाहतूक येते. फिनलंडमध्ये मात्र रॅली म्हणजे मोटारींची शर्यत, आणि तीही डांबरी रस्त्यावरची नव्हे, तर जंगलातल्या मुरमाच्या कच्च्या वाटेवरची. या देशाची लोकसंख्या 56 लाखांच्या आसपास, मुंबईच्या निम्मीही नाही. तरी या खेळात त्यांनी जगाला आरी वातानेन (1981), हन्नू मिक्कोला (1983), चार वेळा विजेता ठरलेला युहा कान्क्कुनेन, 1996 ते 1999 सलग चार वर्षे जिंकणारा टोम्मी मॅकिनेन असे जगज्जेते दिले. 2022 मध्ये काल्ले रोवानपेरा जगज्जेता झाला तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता.

आमचा धाकटा भाऊ ताम्पेरे शहरात यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघे नवरा-बायको त्याच्याकडे गेलो होतो. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा. तिथे पंधरा पूर्ण झाली की रीतसर शिकून, परीक्षा देऊन मोपेड चालवता येते, वेगाची मर्यादा ताशी 45 किलोमीटर. मुलाला मोपेड हवी होती, त्याच्या अम्मीला ती नको होती, आणि निवाडा आमच्याकडे आला होता. "बडे अब्बा, तुम्ही आधी रॅली बघा, मग बोला," असे तो म्हणाला. आम्हाला त्यात उत्साह नव्हता. शाळेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला मुलांच्या हातातली मोटारसायकल कशी दिसते, हे काय सांगावे! आमच्या हाताखालून गेलेल्या दोन मुलांच्या जनाज्याला आम्ही एकाच वर्षात खांदा दिला आहे. दोघेही हेल्मेटशिवाय होते.

राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतली एक फेरी सैनायोकी शहराच्या आसपास होती. ताम्पेरेहून मोटारीने दोनेक तास. हा मुलूख सपाट. दूरवर शेते, शेतांत गवत साठवायच्या जुन्या राखाडी लाकडी खोपी, मग एकदम पाइन आणि बर्चचे रान. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे खोल चर. शर्यतीत चाक त्या चरात गेले की दिवस संपला.

खेळाची रीत अशी. रस्त्याचा काही किलोमीटरचा तुकडा रहदारीला बंद करतात. मोटारी एकेक करून, साधारण मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटतात आणि घड्याळाशी झुंजतात. शेजारच्या आसनावर सहचालक हातातल्या वहीतून पुढचे वळण किती तीव्र, चढापलीकडे रस्ता कोणीकडे वळतो, हे अखंड वाचत असतो. ही टिपणे दोघांनी आधी त्या रस्त्यावर सावकाश फिरून लिहिलेली असतात. चालक डोळ्यांनी पाहतो त्याहून जास्त कानांनी पाहतो म्हणा ना! सर्वांत पुढे धावणाऱ्याचा तोटा असतो, कारण सुटी खडी त्याच्याच चाकांनी झाडली जाते आणि मागच्यांना साफ वाट मिळते.

आम्ही जिथे उभे राहिलो ते रान होते. फिनलंडमध्ये कोणालाही दुसऱ्याच्या जंगलातून चालण्याचा, रानमेवा वेचण्याचा हक्क आहे. घराचे अंगण आणि पिकाचे शेत तेवढे वर्ज्य. पण शर्यतीच्या दिवशी लाल-पांढरी फीत लावलेली असते, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहायची सक्त मनाई. फितीपाशी पिवळ्या जाकिटातली एक आजी उभी होती. सत्तरीची असावी. तिने हात केला की तगडे जवान चार पावले मागे सरकत. आम्हाला विशेष वाटले ते हे, की ती पगारी नव्हती. तिथे "टालकोत" नावाची जुनी चाल आहे, आपल्याकडच्या इर्जिकेसारखी: काम सर्वांचे, मजुरी कोणाला नाही, खाणेपिणे सोबत. रॅलीचे पहारेकरी, चहा-कॉफीवाले यांतले बहुतेक असेच गावच्या मंडळांतले लोक.

ही शिस्त फुकटात आलेली नाही. 1986 साली पोर्तुगालमध्ये मोटार गर्दीत घुसून प्रेक्षक मेले. त्याच वर्षी मे महिन्यात फिनलंडचा हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक कोर्सिका बेटावर जळून मेले. त्यानंतर त्या अतिवेगवान गटातल्या मोटारी जागतिक स्पर्धेतून काढूनच टाकल्या.

मोटार दिसण्याच्या खूप आधी ऐकू येते. रानात आधी भुंग्यासारखा आवाज, मग फटफट, मग झाडांमधून एकदम आडवी घसरत येणारी मोटार, खड्यांचा वर्षाव, आणि मागे धुळीचा पडदा. आमच्या बेगमसाहेबांनी पहिल्या मोटारीला "या अल्लाह!" म्हणून डोळे मिटले, पाचव्या मोटारीनंतर त्या पुतण्याला क्रमांक विचारू लागल्या. फिन लोक ओरडत नाहीत. मान हलवतात, घड्याळ पाहतात, थर्मासमधली कॉफी ओततात. खाण्याच्या टपरीवर भाजलेल्या सॉसेजचा वास होता. त्यात बहुधा डुकराचे मांस असते, म्हणून आम्ही दालचिनीच्या गोड पावावर भागवले. जोहरचा वक्त तिथे जूनमध्ये दीडच्या सुमारास सुरू होतो. दोन फेऱ्यांच्या मधे शेवाळावर चादर अंथरून आम्ही नमाज अदा केली. कोणी वळूनही पाहिले नाही. डासांनी मात्र सजद्यातही सोडले नाही.

खरा धडा आम्हाला परतीच्या वाटेवर दिसला. एका शर्यतीच्या तुकड्यापासून दुसऱ्याकडे जाताना या मोटारींना सामान्य रहदारीतून, सगळे नियम पाळत जावे लागते. आमच्या पुढे तशीच एक होती. तीनशेच्या जवळपास अश्वशक्तीची, चिखलाने माखलेली, आत हेल्मेट काढून बसलेले दोघे तरुण. गावातून ती ताशी 40 ने चालली होती. मागून एक म्हातारा सायकलवरून आला, तर तिने थांबून त्याला वाट दिली आणि वळण्याआधी इमानाने दिवा लुकलुकवला. पुतण्याने आमच्याकडे पाहिले. बोलला काहीच नाही, लबाड.

त्या देशात वेगाचा दंड माणसाच्या कमाईवर ठरतो. 2002 साली नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला 50 च्या हद्दीत 75 ने मोटारसायकल चालवल्याबद्दल 1,16,000 युरो दंड झाला होता. पुढे तो बराच कमी झाला, पण गोष्ट अजून सांगितली जाते. फिनलंडमध्ये वर्षभरात रस्त्यावर दोनशेच्या आसपास माणसे मरतात. आपल्या देशात 2022 साली 1,68,491 माणसे मेली. लोकसंख्येचा हिशेब करूनही आपला आकडा त्यांच्या तिपटीहून जास्त भरतो. पोरांना वेगाची हौस तिथेही आहे, आपल्याकडेही आहे. तिथे तिला कुंपण, घड्याळ आणि वही दिली आहे. आपल्याकडे चावी देतो आणि वर कौतुक करतो.

रात्री जेवणानंतर, अकरा वाजता, बाहेर अजून उजेड असताना, आम्ही वहिनींना आमचे मत सांगितले: वर्ग पूर्ण कर, परीक्षा दे, पहिले तीन महिने अब्बा मागून मोटार घेऊन येतील. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हेल्मेट मी निवडणार." मुलाने ते तत्काळ कबूल केले आणि मोपेडच्या रंगाकडे वळला.