हवा की लोखंड?

डोंगर चढण्यासाठी केलेली सायकल धानाच्या मुलखात काय करते, हा प्रश्न शहापुरात मला निदान पन्नास जणांनी विचारला असेल. आमच्याकडे चढ म्हणावा तर तळ्याची पाळ, आणि उतार म्हणावा तर तिचीच दुसरी बाजू! पण ही सायकल मी घेतली नाही, ती माझ्याकडे आली. चिरंजीव पुण्याला नोकरीला लागले. त्यांच्या कचेरीतला एक सोबती परदेशी निघाला, त्याची विजेची माउंटन सायकल चिरंजीवांनी पहिल्या वर्षाच्या शिलकीतून घेतली आणि गेल्या उन्हाळ्यात मालमोटारीने घरी धाडून दिली.

कारण माझी पाठ. माझी शाळा पांदणीने चार किलोमीटर. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात, पुढे त्या वाळून दगड होतात, आणि साध्या सायकलीवरून गेले की मणका न् मणका हजेरी देतो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे घोडे उधळीत जातात. त्यांचा लेखक मात्र गरम पाण्याच्या पिशवीला टेकून ती लिहीत असतो, हे वाचकांना ठाऊक नसते.

दोन महिने स्वर्गात गेले. मग एके सकाळी मागचा शॉकअप ‘फुस्स’ करून बसला तो बसलाच. तो हवेचा होता. सील गेले होते आणि दांडीवर चरेही पडले होते, तेव्हा नवाच घ्यायचा ठरला.

रात्री मुलाचा फोन आला. “बाबा, या वेळी स्प्रिंगचा बसवू. तुमचं वजन सांगा.”

“हवेचाच का नको?” मी म्हणालो.

इथे थोडे यंत्रपुराण सांगणे भाग आहे. हवेच्या शॉकअपमध्ये नळकांड्यात हवा कोंडलेली असते. एका बारक्या पंपाने ती भरायची, आणि माणूस सायकलीवर बसला की शॉकअपच्या एकंदर चालीच्या २५ ते ३० टक्के दबेल इतका दाब ठेवायचा. माणूस बदलला की दाब बदलायचा. शिवाय हवा दबता दबता कडक होत जाते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात तो सहसा तळ गाठीत नाही. परंतु हवा धरून ठेवणारी रबरी सीले घट्ट असतात, म्हणून बारीक खडे अंगाला जाणवतात. धुळीने ती झिजतात, आणि ती बदलणारा कारागीर आमच्या गावात नाही. स्प्रिंगला ही ददात नाही. ती बारक्या खड्यालाही लगेच मान तुकवते. तिच्यामुळे अर्धा किलोच्या आसपास वजन वाढते खरे, पण सायकलच मुळी तेवीस किलोची आणि ओढायला मोटर, तेव्हा त्याचे कोणाला काय?

आमच्या पंक्चरवाल्याने तर एका वाक्यात निकाल दिला. “गुरुजी, हवा निघून जाते जी. लोखंड कुठं जाते?”

मी चित्रकलेचा मास्तर, पदार्थविज्ञान माझे मॅट्रिकपुरते. म्हणून शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या सरांना गाठले. ते खुलले. हवेच्या दाबाचा नियम बॉइलने १६६२ साली मांडला, स्प्रिंगचा नियम हूकने १६७८ साली छापला, आणि हा हूक तरुणपणी बॉइलकडेच साहाय्यक होता, त्याचा हवेचा पंप यानेच घडवला होता! म्हणजे लोखंडवाला पोरगा हवेवाल्याच्याच हाताखाली वाढलेला. मग सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. पौषातल्या पहाटेच्या १५ अंशांना भरलेली हवा वैशाखातल्या ४५ अंशांना दहा टक्के जास्त दाब देईल. आमच्या उन्हाळ्याचा विचार केला तर हाही कौल लोखंडालाच.

सगळे पटत होते, तरी मी अडून बसलो. त्याचे कारण फोनवर सांगण्याजोगे नव्हते. स्प्रिंग एका वजनाची असते. तिच्यावरचे कडे फिरवून थोडाफार फरक पडतो, पण पुष्कळ फरक हवा तर स्प्रिंगच दुसरी लागते. माझे वजन ७८ किलो, मुलाचे ५८. हवेचा शॉकअप घेतला असता तर सायकल दोघांची झाली असती. सुटीत आला की चार वेळा पंप मारला, की झाले. माझ्या वजनाची स्प्रिंग मागवणाऱ्याने आपण या सायकलीवर बसणार नाही असे ठरवूनच टाकले होते, असे मला वाटले. सौ.ला बोललो, तर ती म्हणाली, “पाठीचं बघा आधी.”

मी वजन कळवले. आपल्या सायकलीच्या सांगाड्याला स्प्रिंग चालते, हे मुलाने आधीच पाहून ठेवले होते. पोळा झाल्यावर खोका आला. स्प्रिंगवर ४५० हा तिच्या ताकदीचा आकडा होता. त्या आठवड्यात पांदणीने जाताना डब्यातली भाजी पहिल्यांदाच पोळीच्या कप्प्यात शिरली नाही. पाठीचे समाधान झाले. मी पुण्याला फोन करून तसे सांगितले, पण जरा कोरडेपणानेच.

गेल्या दिवाळीत चिरंजीव आले. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, आणि त्यांनी पिशवीतून सदऱ्यांच्या घडीतले काहीतरी जड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले बाहेर काढले. सौ.ला वाटले समई. “अरे, पुण्याहून भंडाऱ्याला पितळ आणतो का कोणी!” ती म्हणाली.

ती स्प्रिंग होती. आकडा ३५०.

“ही माझ्या वजनाची,” तो म्हणाला. “भाऊबीजेपर्यंत ही घालतो. जाताना तुमची परत बसवून देईन.”

अंगणात पोते पसरून त्याने कडे सैल केले, माझी स्प्रिंग काढली, आपली सरकवली. अर्धा तास लागला. मी पाना धरून बसलो होतो, मागितला की द्यायचा. नव्या सदऱ्याला काळे लागले म्हणून सौ. दोघांनाही बोलली. मग तो जो पांदणीने गेला, तो कापलेल्या धानाच्या बांध्यांपलीकडे दिसेनासा झाला, आणि जेवणाची पाने वाढून झाली तरी आला नाही.

ती ३५० ची स्प्रिंग फडताळात असते. गंज चढू नये म्हणून परवाच सौ.ने तिला खोबरेल लावून ठेवले.