पिंजाऱ्याच्या नातवाच्या घोंगड्या

मी जुन्या घोंगड्या जमवतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात. पैठण्या जमवणारे असतात, औरंगाबादच्या हिमरू शाली जमवणारे असतात. घोंगडी कोण जमवतं? मग दुसरा प्रश्न येतो, ‘पण सर, घोंगडी म्हणजे धनगरांची, वारकऱ्यांची. तुमचा काय संबंध?’ पहिल्या प्रश्नावर मीही हसतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र लांब आहे.

माझ्याकडे सध्या चौदा घोंगड्या आहेत. सगळ्या हातकताईच्या लोकरीच्या, हातमागावर विणलेल्या. नोकरी भामरागडला, शिक्षकाची, त्यामुळे त्या दोन पत्र्याच्या पेट्यांत इथेच असतात. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचं हे गाव. लोकर टिकवायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या होतात. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुन्हा पुन्हा गावात शिरलं, तेव्हा आधी वर चढवल्या त्या या पेट्या. हिवाळा लागला की प्रत्येक रविवारी घोंगड्या अंगणात वाळत पडतात. ‘धूप दिखा इसकू, कसर लगती,’ असं दादी म्हणायची. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि ऊन, याखेरीज दुसरं औषध मी वापरत नाही.

आता संबंधाबद्दल. आम्ही जातीनं पिंजारी. मूळ गाव जत तालुक्यातलं. तिकडे आम्हाला नदाफ म्हणतात, इतरत्र मन्सुरी. आजोबा कमान खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे. गाद्यांचा कापूस पिंजायचे आणि मेंढ्या कातरल्या की धनगरांच्या वाड्यावर जाऊन लोकरही पिंजून द्यायचे. लाकडी मुठीनं तांत छेडली की तिचा टणत्कार दुसऱ्या गल्लीत ऐकू जायचा. मोबदल्यात ज्वारी मिळे आणि चार-पाच वर्षांतून एखादी घोंगडी. माझ्या संग्रहातली पहिली घोंगडी ही अशी, मजुरीत मिळालेली आहे.

अब्बांनी ती कमान माळ्यावर टाकली. त्यांना नोकरी लागली होती आणि ‘पिंजारी’ हा शब्द त्यांना घरात नको होता. आपल्यात जातपात नाही असं आपण मिंबरवरून ऐकतो, पण सोयरीक जुळवताना पिंजारी, कसाई, बागवान, अत्तार हे सगळं नीट विचारलं जातं. अब्बांची लाज कुठून आली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

गंमत अशी, की ज्या धंद्याची लाज वाटायची त्याचं नाव आपल्या परंपरेत फार मानानं घेतलं जातं. 922 साली बगदादमध्ये ज्यांना देहदंड झाला, ते मन्सूर अल-हल्लाज. अरबीत ‘हल्लाज’ म्हणजे पिंजारी. मन्सुरी हे नाव आमची बिरादरी त्यांच्याशीच जोडते. आणि ‘सूफी’? या शब्दाची सर्वाधिक मान्य व्युत्पत्ती ‘सूफ’ अशी आहे. सूफ म्हणजे लोकर. रेशमी झग्यांच्या काळात ज्यांनी जाडंभरडं लोकरीचं वस्त्र अंगावर घेतलं, ते सूफी. कुरआनातल्या 73 व्या आणि 74 व्या सुरांची नावं, मुज़म्मिल आणि मुद्दस्सिर, दोन्हींचा अर्थ वस्त्रात लपेटलेला असा. ‘कमलीवाले’ ही हाक तर प्रत्येक कव्वालीत ऐकू येते. कमली म्हणजे कांबळं. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी असते आणि कव्वालाच्या तोंडी कमली असते. दोन्हींचा धागा एकाच मेंढीचा. इथल्या थंडीत फजरची नमाज मी घोंगडीवरच पढतो, आणि कपाळाला टोचणारी ती लोकर मला परकी वाटत नाही.

घोंगडी हाताळायला लागलं की तिच्यामागचे हात दिसू लागतात. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. पिंजलेली लोकर धनगर बाया चरख्यावर कातायच्या. ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे सूत तुटत नाही. विणायचं काम सणगरांचं. रंग द्यायचाच नाही. मेंढीचा जो काळा, पांढरा, करडा, तोच. पट्टे पडतात ते वेगवेगळ्या मेंढ्यांमुळे. पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घेतात, पाणी वरच्या वर निथळून जातं.

हे सगळं आटत चाललं आहे, आणि कारणं गूढ नाहीत. पानिपतची स्वस्त ब्लँकेटं बाजारात आली. मटणाचा भाव वाढला, लोकरीचा पडला. आमच्याच तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढी अंगानं मोठी, लोकरीला तोकडी. मेंढपाळ तिच्याकडे वळले. हिशोब बरोबर आहे, त्यांना दोष कसा द्यायचा? आज कातरलेली लोकर बांधावर टाकून दिलेली मी पाहिली आहे. जिथे माग थांबतो तिथे जुन्या घोंगडीची किंमत वाढते, आणि मग माझ्यासारखे लोक पोहोचतात. या गोष्टीनं मला बरेच दिवस अस्वस्थ केलं.

गडचिरोली-चंद्रपूरकडे मेंढ्या राखणारा समाज म्हणजे कुरमार. त्यांचं नातं तेलुगू मुलखाशी; तिकडे घोंगडीला गोंगडी म्हणतात. चामोर्शीच्या बाजूला एका वस्तीवर एका तरुणानं मला त्याच्या आजोबांची घोंगडी दाखवली. दाट वीण, काळी कुळकुळीत, काठाला पांढरी रेघ. दीड हजार म्हणाला. मी म्हटलं, घरात विचारलं का? त्याची आजी दारातच बसली होती. ती म्हणाली, ‘याच्यावरच तं माहं लगन लागलं, गुरुजी. याच्या बापाचंबी लागलं. हे विकाचं नाही.’ नातू म्हणाला, ‘आजी, कसर खाऊन जाईन नाही तं.’ दोघांचंही खरं होतं. मी घोंगडी उन्हात झटकून, घडी घालून आजीच्या हातात दिली आणि निंबाचा पाला कसा ठेवायचा ते नातवाला दाखवलं.

नंतर दक्षिण अमेरिकेतली एक हकिकत वाचली, तेव्हा ती आजी आठवली. बोलिव्हियात, अँडीज पर्वतात, कोरोमा नावाचं गाव आहे. केचुआ आणि आयमारा लोकांच्या त्या मुलखात लामा, अल्पाका आणि मेंढीच्या लोकरीची हातविणीची वस्त्रं होतात. कोरोमात पूर्वजांची जुनी वस्त्रं गाठोड्यांत जपून ठेवतात. ती एकट्याच्या मालकीची नाहीत, साऱ्या समाजाची आहेत. त्यांची वर्षातून एकदा पूजा होते. 1980 च्या दशकात, दुष्काळाच्या दिवसांत, दलालांनी काही लोकांना पैसे देऊन ती वस्त्रं बाहेर काढली आणि ती अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. 1988 मध्ये त्यांतली काही तिथे विक्रीला मांडलेली दिसली. बोलिव्हियाच्या विनंतीवरून 1989 मध्ये अमेरिकेनं अशा वस्त्रांच्या आयातीवर बंदी घातली, आणि 1992 मध्ये बरीच वस्त्रं गावाला परत मिळाली. विकणाऱ्यानं सही केली म्हणजे वस्तू विकली गेली असं नसतं, हे त्या गावानं जगाला दाखवलं.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. लग्नाची, देवाची, पंचांच्या बैठकीची घोंगडी घ्यायची नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारल्याशिवाय कुठलीच घ्यायची नाही. आणि एक जुनी घेतली, तर चालू मागावरची एक नवी विकत घ्यायची, घासाघीस न करता. त्या नव्या घोंगड्या मी शाळेतल्या मुलांना देतो. माडिया घरांत थंडीच्या रात्री जाळाभोवती झोपतात. घोंगडी त्यांच्या ओळखीची नाही. एका पोरानं ती नाकाला लावून, ‘गुरुजी, हिला बकरीचा वास येतो,’ अशी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तो तीच पांघरून शाळेत आला.

मध्यंतरी एका व्यापाऱ्याचा फोन आला. चौदाच्या चौदा घ्यायला तयार होता, भावही चांगला देत होता. काय करणार, म्हणून विचारलं. कापून उशांचे अभ्रे आणि पर्सा. मी नको म्हटलं. जुनं कापड कापू नये असं माझं म्हणणं नाही. फाटकी घोंगडी आजोबाही कापून बैलाच्या पाठीवर टाकत. पण माझ्या वहीत प्रत्येक घोंगडीपुढे लिहिलेलं आहे: कोणत्या गावची, कुणी कातली, कुणी विणली, कोण पांघरत होतं. पहिल्या ओळीत आजोबांचं नाव आहे आणि त्यापुढे, अब्बांनी जो शब्द घरात येऊ दिला नाही, तो: पिंजारी.

तुमच्या घरी माळ्यावर एखादी घोंगडी असेल तर या रविवारी तिला ऊन दाखवा. ती कुणी विणली, हे ज्याला माहीत आहे तो माणूस घरात असेल, तर त्याला आजच विचारा आणि लिहून ठेवा.