वाजवी वाटेल असे वाक्य

संहितेचा अर्थ अनिर्णेय असतो, हे मी पदव्युत्तर वर्गात वीसेक वर्षे शिकवीत आलो. ते शिकविताना मला कधी काही गमवावे लागले नाही. 2017 च्या डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना, तिच्या भाड्याच्या घरातील जेवणाच्या टेबलाशी, मला ह्या सिद्धान्ताचा हिशेब प्रथमच द्यावा लागला.

टेबलाभोवती पाच जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचा हा खेळ 1974 साली प्रथम प्रकाशित झाला. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो, आणि एक जण (त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात, आपण सूत्रधार म्हणू) उरलेले सारे जग चालवितो. त्या रात्री सूत्रधार माझी मुलगी होती. ह्या जगात मंत्र चालतात. पण गंमत अशी की मंत्राचे शब्द कोणीच उच्चारीत नाही. वाचले जाते ते मंत्राविषयीचे रूक्ष, नियमवजा गद्य : पल्ला किती, परिणाम किती वेळ, कोणावर. त्या गद्याचा जो अर्थ ठरेल त्याप्रमाणे पात्रे जगतात किंवा मरतात. ऑस्टिनची उक्तिकृती इतकी उघडीवाघडी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

वाद पेटला तो ‘सजेशन’ नावाच्या मंत्रावरून. 2014 च्या आवृत्तीनुसार एकदोन वाक्यांत दुसऱ्याला एखादी कृती सुचवायची. ती वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडलेली हवी. स्वतःला भोसकून घे, भाल्यावर झेप घे, पेटवून घे, किंवा अशीच काही उघडपणे घातक कृती कर, असे सांगितल्यास मंत्र तेथेच संपतो. एका खेळाडूच्या पात्राने पुलावरच्या पहारेकऱ्याला सुचविले : पलीकडे जाऊन जेवून ये, तोवर पहारा आम्ही देतो. पूल खालून कुजला आहे हे दरीतून वर येताना पात्रांनी पाहिले होते. पहारेकऱ्याला त्याची कल्पना नव्हती. वीस बाजूंचा फासाही त्याच्या विरुद्ध पडला.

आता ‘उघडपणे’ म्हणजे कोणाला उघड? सांगणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, की त्रयस्थ वाचकाला? खेळाडूने वडिलांचे 1978 चे पुस्तक पुढे केले. आम्लाचे डबके म्हणजे शुद्ध पाणी आहे असे भासवून त्यात डुंबायला सांगणे, हे त्यात ह्याच मंत्राखाली चालण्याजोगे म्हणून दिले आहे. ती संहिता वेगळी, ही वेगळी, असे मुलीचे म्हणणे पडले. वाढता वाढता आवाज चढले आणि अखेर कौल माझ्याकडे आला. मी साहित्याचा प्राध्यापक ना!

अर्थ अनिर्णेय आहे, असे सांगायला मी तोंड उघडले आणि ते वाक्य मला बोलवेना. आठवली ती मीमांसा, एम. ए. ला शिकलेली आणि पुढे देरिदाच्या पुस्तकांमागे ढकललेली. अग्निचयनात माखलेले खडे मांडावेत असा विधी आहे. कशाने माखलेले, ते विधिवाक्य सांगत नाही. पुढच्या वाक्यात तुपाची स्तुती येते, म्हणून तुपाने. संदिग्धाचा निर्णय वाक्यशेषाने करावा, असा जैमिनीचा न्याय. तोच मी लावला : तिन्ही उदाहरणांत घात ऐकणाऱ्याला स्वतःलाच दिसतो; तेव्हा ‘उघड’ म्हणजे त्याला उघड. पहारेकरी पुलावर जाईल.

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग मराठीत म्हणाली, “बाबा, तुमचा युक्तिवाद पटला. पण हाच अर्थ धरला तर पुढच्या रविवारी माझी चेटकीण हा मंत्र ह्यांच्यावर टाकणार. ते ह्यांना चालेल का, हे तुम्ही विचारलंच नाही.” आणि तिने ते इंग्रजीत त्यांना विचारले.

दहाएक मिनिटे कोणी फासा उचलला नाही. शेवटी ज्याचा मंत्र होता त्यानेच तो मागे घेतला.

स्टॅन्ली फिशचा अर्थनिर्णायक समुदाय मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्या समुदायाला आपण लावलेला अर्थ स्वतः भोगावा लागतो की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीही तो कधी विचारला नाही. न्यायाधीशालासुद्धा पुढच्या आठवड्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. त्या टेबलाशी मात्र प्रत्येकाला उभे राहायचे होते. माझा निर्णय शास्त्रशुद्ध होता, असे मला आजही वाटते. पण मी तो देऊन, आठ दिवसांनी, विमानात बसणार होतो.

2024 साली ह्या नियमांची सुधारित आवृत्ती निघाली. ‘सजेशन’मधून ‘वाजवी’ हा शब्द गेला आहे. सूचना आता पंचवीस शब्दांच्या आत हवी, साध्य होण्याजोगी वाटायला हवी, आणि तिच्यामुळे ऐकणाऱ्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघडपणे इजा होता कामा नये. ‘उघडपणे’ मात्र कायम आहे. हे कळल्यावर मी मुलीला फोन केला. तिच्याकडे अजून त्या रात्री ठरले तेच चालते, असे ती म्हणाली. पहारेकऱ्याला मध्यंतरी कोणीतरी नाव दिले आहे, आणि पूल दुरुस्त करून घेण्यासाठी तो दर खेळात त्यांच्याकडे पैसे मागतो.